खरी गोळी, खोटी गोळी

आजार पहिल्यांदा लक्षात आला तो वर्गात, फळ्यापाशी. सातवीला पचनसंस्था शिकवत होते. डोकं काढलं, तोंड काढलं, घशापर्यंत आले आणि हात खाली आला. दुखला नाही, मुंग्याही आल्या नाहीत. वर राहायची ताकदच त्याच्यात नव्हती. खडू डाव्या हातात घेतला, तर तोही तसाच. मुलांना वाटलं, बाईंना काहीतरी आठवत नाहीये. मी खुर्चीत बसले आणि उरलेलं जठर, यकृत, आतडी सगळं तोंडी सांगितलं.

पुढच्या दोन-तीन महिन्यांत एकेक गोष्ट हातातून गेली. वेणी घालता येईना, म्हणून केस कापले. रिक्षात चढताना पाय उचलायला दोन्ही हातांनी मांडी धरावी लागायची. पापण्यांवर जांभळट रंग चढला. स्टाफरूममध्ये एकीने विचारलं, "आयशॅडो लावायला लागलीस की काय?" डोंबिवलीतल्या एका डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं, दुसऱ्यांनी थायरॉइड तपासला, तिसऱ्यांनी सांगितलं की पाळी जायचं वय आलं की होतं असं. शेवटी ठाण्याला, बाळकुम नाक्याच्या पुढच्या एका हॉस्पिटलात, संधिवाताच्या तज्ज्ञ असलेल्या मॅडमकडे गेले. त्यांनी माझ्या पापण्या बघितल्या, बोटांची पेरं बघितली आणि म्हणाल्या, "हात न टेकता खुर्चीतून उठा." मला उठता आलं नाही. मांडीच्या स्नायूचा छोटा तुकडा काढून तपासला गेला. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणा माझ्याच स्नायूंवर उलटली होती. मी विज्ञानाची बाई, मला हे समजायला अवघड नव्हतं. समजल्यामुळे काही सोपं झालं, असं मात्र नाही.

दोन वर्षं औषधं चालली. स्टेरॉइडने चेहरा फुगला आणि साखर वाढली. दुसरं औषध पोटाला सोसलं नाही. तिसरं चार महिने लागू पडलं आणि मग पडेनासं झालं. सलाइनमधून दिवसभर चढवायचं एक औषध झालं, त्यानंतर मी एक महिना बरी होते. मग घसा गेला. पाणी पिताना ते नाकातून परत यायला लागलं. पोळी गिळता येईना, भात अडकायचा. शाळेतून बिनपगारी रजा घेतली. घरात आम्ही दोघंच, नवरा आणि मी. तो एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, त्यामुळे दिवसभर मी एकटी. तेव्हा सासूबाई आंबिवलीचं आपलं घर बंद करून आमच्याकडे राहायला आल्या.

आमचं फार गोडीचं होतं असं नाही. सणावाराला जाणं-येणं, तब्येतीची चौकशी, बस. पण त्या आल्या आणि त्यांनी न बोलता स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. मला गिळता येईल असं काय काय त्या करायच्या. मऊ खिमट, भोपळ्याचं सार, आणि सकाळ-संध्याकाळ वाटीभर नाचणीचं सत्त्व. त्यांना स्वतःला संधिवात. एके काळी बोटं इतकी वाकडी झाली होती की साडीच्या निऱ्या घालता येत नव्हत्या. कल्याणच्या त्यांच्या डॉक्टरांनी एक वेगळी गोळी दिली, सकाळ-संध्याकाळ एकेक, आणि वर्षभरात त्या पुन्हा भाकरी थापायला लागल्या. त्या बोटांनी त्या मला सत्त्व ढवळून द्यायच्या.

एक दिवस ठाण्याच्या मॅडम म्हणाल्या, "सांध्यांच्या आजाराची एक गोळी आहे. जुनी आहे, बाजारात मिळते. तुमच्यासारख्या पेशंटला, ज्यांना बाकी कशाचा उपयोग होत नाही, तिचा उपयोग होईल असं आम्हाला वाटतंय. आम्ही अभ्यास करतोय."

गोळीचं नाव ऐकून नवरा खुर्चीत पुढे सरकला. तीच सासूबाईंची गोळी होती.

मॅडमनी सगळं नीट सांगितलं. अर्ध्या पेशंटना खरी गोळी मिळणार, अर्ध्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली. कुणाला कोणती, ते पेशंटला माहीत नसणार आणि मॅडमनाही. सहा महिन्यांनी मात्र सगळ्यांना खरी. "किंवा मी तुम्हाला आजच खरी लिहून देऊ शकते," त्या म्हणाल्या. "तशी परवानगी डॉक्टरला असते. पण ती तुमच्या आजारात चालते का, किती द्यायची, हे मला आज ठामपणे सांगता येणार नाही. जंतुसंसर्गाचा धोका आहे. अभ्यासात तुमचं रक्त दर महिन्याला तपासलं जाईल, लक्ष राहील. निर्णय तुमचा."

परतताना माणकोली पुलावर गाड्या अडकल्या होत्या. नवऱ्याने इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "यात विचार काय करायचाय? आजच लिहून घेऊ."

"मला अभ्यासात जायचंय," मी म्हटलं.

"का?"

"कारण मग कळेल. माझ्यासारख्या बाकीच्यांनाही."

"तुला गोळी हवीये की पुरावा?"

"दोन्ही."

"मशीन बंद पडलं ना, की आम्ही आधी ते चालू करतो. का चालू झालं, ते नंतर बघतो."

"मी मशीन नाहीये रे."

तो हसला. म्हणाला, "बरं बाई. तुझं शरीर, तुझा निर्णय." त्याचं हे वाक्य मी जसंच्या तसं लक्षात ठेवलंय.

मी कागदांवर सह्या केल्या, प्रत्येक पानावर. अभ्यासाचं काम बघणारी एक चुणचुणीत मुलगी होती, तिने मला एक वही दिली. रोज तारीख, गोळी घेतल्याची वेळ, आणि एक रकाना, 'इतर औषधे'. "ताई, क्रोसिन घेतलीत तरी लिहायचं," ती म्हणाली. "वाफ घेतलीत तरी लिहा." मला ते फार आवडलं. शाळेत मी दोन कुंड्यांचा प्रयोग करून घेते, एक उजेडात आणि एक कपाटात, बाकी माती, पाणी सगळं सारखं. मुलं हमखास कपाटातल्या कुंडीला दया येऊन गुपचूप बाहेर काढतात. मी त्यांना सांगायची की तुम्ही कुंडीला मदत केली नाहीत, तुम्ही प्रश्नच पुसून टाकलात.

पहिला महिना वाईट गेला. काहीच फरक पडला नाही, उलट मी आणखी खचत गेले. एकदा बाथरूममध्ये खाली बसले ती उठताच येईना. सासूबाईंना मला उचलणं शक्य नव्हतं. त्या दाराशी स्टूल टाकून बसल्या आणि नवरा कारखान्यातून येईपर्यंत, तास-दीड तास, माझ्याशी बोलत राहिल्या. आंबिवलीच्या आपल्या दाराशी असलेल्या कढीपत्त्याबद्दल, शेजारच्यांच्या भांडणाबद्दल. नवरा आला, त्याने मला काखेत धरून उचललं, पलंगावर बसवलं आणि माझ्यासमोर जमिनीवरच बसला.

"ती खोटी गोळी आहे," तो म्हणाला. "तुला साखर देतायत ते."

"कदाचित. पाच महिने राहिलेत."

"पाच महिन्यांत तू राहशील का?"

मी म्हटलं, "मी सही केलीये." तो उठून पाणी आणायला गेला. नंतर त्याने तो विषय काढला नाही. मला वाटलं, त्याने माझं म्हणणं मान्य केलं. त्या दिवसांत मी मैत्रिणीला फोनवर सांगितलंही होतं, की माझा नवरा माझ्या निर्णयाचा मान ठेवतो.

सातव्या की आठव्या आठवड्यात मी सकाळी पलंगावरून उठले, आणि उठल्यावर लक्षात आलं की कशाला धरलं नाही. मी परत बसले आणि परत उठले. मग नवऱ्याला हाक मारली आणि त्याच्यासमोर उठून दाखवलं. त्याने टाळ्या वाजवल्या. सासूबाई दारात आल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. पुढच्या आठवड्यात पाणी नाकातून येणं थांबलं. मग एक दिवस डोक्यावर हात नेऊन केसांत कंगवा घातला. केस खांद्यापर्यंत आले होते, ते मी स्वतः बांधले. पापण्यांचा रंग फिका झाला. बाळकुमला गेले तेव्हा मॅडमनी माझा दंड खाली दाबायचा प्रयत्न केला आणि मी तो दाबू दिला नाही. त्यांना आनंद झाला होता, ते दिसत होतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी थोड्या कमी दिसत होत्या, तेवढ्यावर त्यांनी खूण केली आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तपासू, असं म्हणाल्या.

घरी आल्यावर मी वहीत लिहायची. गोळी सकाळी आठ, रात्री आठ. इतर औषधे, नाही. खाली सही. मला मनातून खात्री वाटायला लागली होती की मी खऱ्या गोळीवर आहे, आणि त्याचा मला अभिमान वाटत होता, जसं काही मी स्वतः मेहनत करून ते मिळवलं होतं.

याच दिवसांत सासूबाईंची बोटं सुजायला लागली. आधी त्या पदराआड हात ठेवायच्या. एकदा दुधाचं पातेलं त्यांच्या हातातून सुटलं. मी त्यांच्या बोटांना तेल लावून दिलं. पेरं गरम लागत होती.

"आई, गोळी घेताय ना वेळेवर?"

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. विचित्रच बघितलं, असं मला तेव्हाही वाटलं. मग म्हणाल्या, "हवा बदललीये. होतं असं."

मी नवऱ्याला सांगितलं की आईंना कल्याणच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. तो म्हणाला, "बघतो मी."

साडेचार महिने होत आले तेव्हा उजव्या कुशीत आग व्हायला लागली. दोन दिवसांनी पाठीपासून पोटापर्यंत फोडांचा पट्टा उठला. नागीण. कपडा लागला तरी जीव जायचा. हॉस्पिटलमध्ये रक्त तपासलं, तर पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या होत्या, यकृतही बिघडलं होतं. मॅडमनी अभ्यासाची गोळी तिथल्या तिथे बंद केली. त्या रिपोर्ट पुन्हा पुन्हा बघत होत्या.

"या डोसला एवढं होऊ नये," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही साध्या गोळीवर असाल, तर हे अजिबातच होऊ नये. पुढचे उपचार ठरवायला मला कळायला हवं. मी तुमचं पाकीट उघडायला सांगते."

कुणाला कोणती गोळी हे दुसरीकडे बंद पाकिटात असतं आणि पेशंटच्या जिवाला धोका असेल तरच ते उघडतात, हे मला कागदात वाचल्याचं आठवत होतं. पंधरा-वीस मिनिटांनी मॅडमचा फोन वाजला. त्यांनी ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्ही खऱ्या गोळीवर होतात. पहिल्या दिवसापासून."

कुशीत आग होत होती, तरी मला हसू आलं. मी नवऱ्याकडे वळले. 'बघ, मी म्हणत नव्हते?' असं म्हणणार होते. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"म्हणजे डबल झालं," तो म्हणाला.

"काय डबल झालं?" मॅडमनी विचारलं.

मग त्याने टेबलाकडे बघत सांगितलं. त्याच्या आईची गोळी, सकाळची एक आणि संध्याकाळची एक, कुटून नाचणीच्या सत्त्वातून. सहाव्या आठवड्यापासून. मेडिकलवाला चिठ्ठीवर महिन्याच्याच गोळ्या देतो, म्हणून आईने स्वतःच्या बंद केल्या. "मला वाटलं ती साखर खातेय," तो म्हणाला. "मी तिला डोळ्यांसमोर संपताना बघत होतो."

मॅडमनी रिपोर्ट बाजूला ठेवला. मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्हाला हे माहीत होतं?"

आवाज शांत होता. तो प्रश्न त्यांना विचारावाच लागणार होता, हे आज मला कळतं. पण त्या क्षणी, ज्या बाईसमोर मी दर महिन्याला वही उघडून ठेवत होते, ती बाई माझ्याकडे संशयाने बघत होती. मी "नाही" म्हटलं. तो माझाच आवाज मला खोटा वाटला.

"ती खरं बोलतेय," नवरा म्हणाला. "तिला नाही माहीत."

माझ्या खरेपणाची ग्वाही त्याने द्यावी, याची मला शिसारी आली.

अभ्यासाचं काम बघणारी ती मुलगी उरलेल्या गोळ्या आणि वही घेऊन गेली. पानं मोजताना ती माझ्याकडे बघत नव्हती. शंभरच्या आसपास पानांवर मी 'इतर औषधे, नाही' असं लिहून सही केलेली होती. सगळी खोटी. सही माझी, अक्षर माझं. मला अभ्यासातून काढलं. तसं पत्र आलं, दोन ओळींचं.

घरी आल्यावर मी खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. सासूबाई बाहेरून म्हणाल्या, "सत्त्व आणू का गं?" मी उशी कानावर ओढली. दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने त्यांना आंबिवलीला पोचवलं. जाताना त्या दारापाशी थांबल्या, काहीतरी बोलायचं असावं. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला वाटलं, बरं झालं गेल्या. तोंड दाखवायला जागा नाही म्हणून चालल्यात.

नागीण महिनाभराने सुकली. आग मात्र राहिली, अजूनही थंडीत होते. गोळी बंद झाल्यावर ताकद पुन्हा ओसरत गेली, आधी खांदे, मग मांड्या. स्टेरॉइड वाढवलं. मी भाताची पेज स्वतः करून प्यायची, ओट्याला कोपर टेकून. नवरा काही पुढे करायला आला की मी ताट बाजूला सरकवायची. त्याच्या हातचं पाणीसुद्धा मी घेत नव्हते. ग्लास स्वतः विसळायचा, स्वतः भरायचा. तीन महिने मी घरात जे जे तोंडात घातलं ते विश्वासाने घातलं होतं, आणि आता तो घास पोटातून कसा काढायचा, हे मला कळत नव्हतं.

एका दुपारी, तो सुट्टीवर होता, तेव्हा आम्ही पहिल्यांदा नीट बोललो.

"तू बरी होत होतीस," तो म्हणाला. "ते तरी मान्य कर."

"कोणत्या गोळीने?"

"काय फरक पडतो?"

"मी त्या खऱ्या गोळीने बरी झालेच असते. कदाचित नुसत्या त्याच गोळीने, नागीण न होता. ते आता कुणालाच कळणार नाही. मलाही नाही."

"मला काय माहीत ती खरी आहे? तुला माहीत होतं का?"

"म्हणूनच तर थांबायचं होतं."

"मला नाही थांबता आलं. तू बाथरूममध्ये पडलीस तेव्हा तू स्वतःला बघितलं नाहीस. मी बघितलं." त्याचे डोळे भरून आले होते. ते खोटं नव्हतं. त्याने मला जीव लावला होता, हे मी कधीच नाकारलं नाही. पण मी पलंगावरून उठून दाखवलं तेव्हा त्याने टाळ्या वाजवल्या होत्या. मला वाटत होतं आम्ही दोघं एकच गोष्ट बघतोय. तो स्वतःची कामगिरी बघत होता.

"तू मला विचारायचं होतंस," मी म्हटलं.

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो."

"मग?"

मी उठले आणि माझा ग्लास विसळायला घेतला.

पेशी जागेवर आल्यावर मॅडमनी मला तीच गोळी लिहून दिली. अभ्यासाबाहेर, उघड, कमी डोसपासून. हळूहळू फरक पडायला लागला. पहिल्यासारखा झपाट्याने नाही. तीन-चार महिन्यांनी मी जिन्याने एक मजला चढायला लागले. तेव्हा एक दिवस नवऱ्याला न सांगता रिक्षा केली आणि आंबिवलीला गेले. मला सासूबाईंना जाब विचारायचा होता. त्याला एक वेळ भीतीने सुचलं असेल, पण एका बाईने दुसऱ्या बाईच्या वाटीत रोज हे कालवावं आणि समोर बसून तिला ते पिताना बघावं, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

त्यांनी दार उघडलं आणि बाजूला झाल्या. चहा टाकला. बोटांची सूज उतरली होती, पण दोन बोटं आता सरळ होत नव्हती. कप त्यांनी दोन्ही हातांनी धरून आणला.

मी बोलायच्या आधी त्याच म्हणाल्या, "तू येशील असं वाटलं नव्हतं. आलीस ते बरं झालं. मला एक विचारायचं होतं."

"विचारा."

"मी माझ्या गोळ्या तुला दिल्या. उपकार म्हणून नाही बोलत. तुझ्या जागी माझी मुलगी असती तरी दिल्या असत्या. पण तू एकदाही काही बोलली नाहीस. माझ्या बोटांना तेल लावलंस आणि वर मलाच विचारलंस, गोळी घेताय ना म्हणून. त्या दिवशी मला फार लागलं गं. आणि मग दार लावून घेतलंस. मी काय वाईट केलं होतं तुझं?"

मला काही क्षण कळेचना त्या काय म्हणतायत.

"आई, मला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"काय माहीत नव्हतं?"

"सत्त्वात गोळी आहे, हे. मला कुणी सांगितलं नव्हतं. मला हॉस्पिटलात कळलं."

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. बराच वेळ त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या, मी खरं बोलतेय का ते शोधत.

"तो म्हणाला तू कबूल झालीस," त्या सावकाश म्हणाल्या. "तुझ्या डॉक्टरनीच सांगितलंय म्हणाला. तुला अख्खी गोळी गिळवत नाही, म्हणून कुटून द्यायची. आणि म्हणाला, तिच्यापुढे विषय काढू नकोस. तुझं औषध घ्यायला तिला लाज वाटते." मग थोड्या वेळाने, "मी दोनदा विचारलं त्याला. दोनदा हेच सांगितलं."

मी त्यांना कारस्थानातल्या समजून महिनोन्‌महिने मनात शिव्या घातल्या होत्या. त्या मला कृतघ्न समजून इथे एकट्या बसल्या होत्या. घरातून का काढलं, हे विचारल्यावर त्याने त्यांना सांगितलं होतं, की तिला नागीण झालीये, तुला लागण होईल. त्यांनी तेही खरं मानलं.

निघताना त्यांनी माझा दंड धरून मला पायरी उतरवून दिली. म्हणाल्या, "मी वाढवलंय त्याला. मला वाटायचं, त्याला खोटं बोलताच येत नाही."

त्या रविवारी नवरा नेहमीप्रमाणे आईकडे गेला आणि दुपारच्या आतच परत आला. आला तो सरळ माझ्यासमोर उभा राहिला.

"आईला कशाला सांगितलंस?" तो म्हणाला.

इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदाच त्याच्यावर ओरडले नाही, रडले नाही. मला एकदम थकल्यासारखं झालं. एवढं सगळं घडून गेल्यावर त्याला जे चुकीचं वाटलं, ते हे होतं.

डोस जास्त झाला, ही चूक तो मान्य करतो. त्यासाठी त्याने माझी खूप वेळा माफी मागितलीये, मॅडमचीही मागितली. पण मला विचारलं नाही, आईला खोटं सांगितलं, ही त्याला अजून चूक वाटत नाही. तो त्याला नाइलाज म्हणतो. आम्ही एकाच घरात राहतो. माझ्या अशा शरीराला एकटीने राहणं झेपेल का, याचा मी हिशोब मांडून बघितला, आणि सध्या तरी झेपत नाही. सासूबाई अधूनमधून येतात, मी असताना येतात. स्वयंपाक आम्ही दोघी मिळून करतो, त्यांची बोटं आणि माझे खांदे मिळून एका बाईचं काम होतं.

मी शाळेत परत जायला लागलेय, अर्धा दिवस. बसून शिकवते.

मागच्या भेटीत मॅडमनी सांगितलं की अभ्यास संपला. गोळीने बऱ्याच जणांना बरं वाटलं, काहींना नाही. आता आणखी मोठा अभ्यास होईल. मी विचारलं, "माझं काय धरलंत?"

"तुमचं धरता आलं नाही," त्या म्हणाल्या. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "तुम्ही सगळं नीट केलं होतंत. मला माहितीये." त्यांनी हे सांगितलं म्हणून मला बरं वाटलं, आणि सांगावं लागलं म्हणून वाईट.

आता तपासणीला मी आत एकटी जाते. नवरा गाडी चालवत आणतो आणि बाहेर बाकावर बसून राहतो. मी बाहेर आले की उठतो आणि विचारतो, "काय म्हणाल्या?" मी त्याला सगळं सांगते. पेशी किती, ताकद किती, डोस किती. काहीच लपवत नाही. तो मान हलवत ऐकतो, आणि गाडीकडे जाताना माझ्यापेक्षा दोन पावलं मागे चालतो.